बारा बोअरच्या दुनळीची नळी कापायची आहे. २० इंचांच्या वर राहिली तर चालतं ना?

कोथरूडकर_७७
वडिलांच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी आहे, नळ्या ३० इंची. उजव्या नळीला तोंडापासून तीनेक इंचांवर फुगवटा आलाय. ओळखीचा लेथवाला म्हणतो, दोन्ही नळ्या चार इंच कापून तोंड साफ करून देतो. म्हणजे २६ इंच उरतील. नियमांत २० इंचांची मर्यादा आहे असं वाचलं. अमेरिकन व्हिडिओंमध्ये तर १६ आणि १८ सांगतात. मग २६ ला हरकत काय? आणि नोंदलेली बंदूक कायद्याच्या नजरेत 'आखूड नळीची' नेमकी कधी होते? कापली तेव्हा, की तपासणीत सापडली तेव्हा?

परवाना_शाखा_फेऱ्या
लेथवाल्याला आधी थांबवा, बाकीचं नंतर.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. २० इंचांची रेघ शस्त्र नियमांच्या अनुसूचीत आहे. गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी २० इंचांपेक्षा कमी असेल तर ती साध्या बारा बोअरच्या वर्गात राहत नाही, वरच्या वर्ग १ मध्ये जाते. ही झाली वर्गवारी. कापण्याबद्दलचं कलम वेगळं आहे: शस्त्र अधिनियम १९५९, कलम ६. त्यात इंच नाहीतच. त्या कामाचा परवाना नसताना बंदुकीची नळी आखूड करायची नाही, एवढंच त्यात आहे. ३० ची २९ केली तरी कलम ६ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात भर पडली, एका वर्गाचं हत्यार दुसऱ्या वर्गात बदलणंही तिथेच आलं. शिक्षा कलम २५(१) खाली, कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप, वर दंड. दुरुस्तीच्या आधी हे तीन ते सात वर्षं होतं. जुन्या पुस्तकांत अजून तेच छापलेलं आहे, त्यावर विसंबू नका.

म्हणजे तुमच्या 'कधी'चं उत्तर: करवत फिरली की गुन्हा पुरा झाला. कधी सापडली यानं काही बदलत नाही. तुमच्या परवान्यानं बंदूक बाळगता येते, कापता येत नाही. आणि लेथवाला तुमच्याबरोबर आत.

नळीपारखी
कायदा बाजूला ठेवला तरी दुनळी लेथवर कापणं म्हणजे चांगलं हत्यार भंगारात काढणं.

जुन्या ३० इंची दुनळीत चोक (तोंडाशी नळीचा आतला व्यास कमी केलेला भाग) बहुधा नळीतच कोरलेला असतो, शेवटच्या दोन-तीन इंचांत. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिमी, पूर्ण चोकला तोंडाशी एक मिमीच्या आसपास कमी. चार इंच उडवले की दोन्ही नळ्या सरळ सिलिंडर, म्हणजे बिनचोकच्या. पूर्ण चोक ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात अंदाजे ७० टक्के छर्रे टाकतो, सिलिंडर ४० टक्के. छर्ऱ्याच्या वेगात मात्र चार इंचांनी फार फरक पडत नाही, मार बसतो तो फैलावात.

दुसरं, दुनळीच्या नळ्या समांतर नसतात, तोंडाकडे एकमेकींकडे झुकलेल्या असतात. कापल्यावर दोन तोंडांमध्ये फट उघडी पडते. तिथे धातूची चकती बसवून झाळली नाही तर दोन नळ्या जोडणाऱ्या पट्टीच्या खाली पाणी जातं आणि मुळशीच्या पावसात दोन वर्षांत नळी बाहेरून चकचकीत, आतल्या बाजूनं कुजलेली. माशी (नेम धरायचा तोंडावरचा मणी) पुन्हा बसवायची ती वेगळीच.

आणि तो खरंच फुगवटा आहे की पोचा? नळ्या उतरवा, कुंदा बाजूला ठेवा, चेंबरकडून (काडतूस बसतं त्या टोकाकडून) खिडकीच्या उजेडाकडे बघा. पोचा असेल तर आत एका बाजूलाच सावली दिसते, बंदूक आपटलेली असते. तो आतून मँड्रेल (नळीच्या मापाचा पोलादी दांडा) घालून वर काढता येतो. फुगवटा असेल तर पूर्ण गोल कडं दिसतं आणि बाहेरून बोट फिरवलं की उंचवटा लागतो. म्हणजे आत काहीतरी अडकलेलं असताना बार उडालाय. पुसायची चिंधी राहिली असेल, किंवा भिंतीला टेकवून ठेवलेल्या बंदुकीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं असेल. तिथलं पोलाद ताणलं गेलंय. त्या नळीतून आता बार काढू नका.

कोथरूडकर_७७
कडंच दिसतंय, पूर्ण गोल. मग २६ इंची तयार नळ्यांचा जोड जुन्या बाजारातून घेऊन बसवला तर? कापणं तर होत नाही.

परवाना_शाखा_फेऱ्या
तेही नाही. कलम २ मध्ये 'अग्निशस्त्रा'च्या व्याख्येत त्याचे भागही येतात. सुटी नळी घरात ठेवणं म्हणजे बिनपरवाना हत्यार ठेवणं. शिवाय दुनळीच्या नळ्या त्या त्या अ‍ॅक्शनला (नळ्या मागून बंद करणाऱ्या यंत्रणेला) घासून बसवलेल्या असतात, दुसऱ्या बंदुकीच्या सहसा बसतच नाहीत. नीट मिटल्या नाहीत तर मागून गॅस तोंडावर.

डॅलस_व्हाया_डेक्कन
अमेरिकन व्हिडिओंनी गोंधळ होतो तो इथेच, साहेब. तिकडे कायद्याच्या दृष्टीनं बंदूक म्हणजे रिसीव्हर, यंत्रणा बसते तो मधला सांगाडा. नळी हा सुटा भाग, कुरिअरनं घरी येतो. आणि तिकडे 'आखूड नळीची रायफल' (एसबीआर) हा वेगळा वर्ग आहे, १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टमध्ये. रायफलची नळी १६ इंचांपेक्षा कमी, किंवा रायफलपासून बनवलेल्या हत्याराची एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी. शॉटगनला नळी १८.

मोजायची पद्धत: हत्यार रिकामं आहे याची खात्री, बोल्ट बंद, तोंडातून लाकडी दांडी बोल्टला टेकेपर्यंत आत, तोंडाशी खूण, बाहेर काढून मोजा. म्हणजे चेंबर धरून. पुढे फिरवून लावलेला ब्रेक (धक्का कमी करायचा तोंडावरचा तुकडा) मोजत नाहीत. पिन मारून वर वेल्ड केला असेल किंवा चांदीच्या झाळणानं कायमचा पक्का केला असेल तरच धरतात. १४.५ इंची नळीवर लांब ब्रेक वेल्ड करून १६ भरवतात ते यामुळे.

क्रम असा: फॉर्म १ (बनवण्याच्या परवानगीचा अर्ज) आधी, मंजुरी हातात, मग जुळणी. मंजुरी आली म्हणून रायफल लगेच एसबीआर होत नाही. मंजुरी फक्त बनवण्याची असते, आखूड नळी चढली की ती बनली. मंजुरीआधी चढवली तर दहा वर्षांपर्यंत कैद. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, नोंदणी मात्र तशीच आहे. 'कर गेला म्हणजे सगळं मोकळं' असं भाचे-पुतणे फोनवर सांगतात, ऐकू नका.

आपल्याकडे हा वर्गच नाही. अनुसूचीतली २० इंचांची ओळ गुळगुळीत नळीची, रायफलची नाही. म्हणून रायफल कापायला मोकळीक आहे असंही नाही, कलम ६ सगळ्याच अग्निशस्त्रांना.

परवाना_शाखा_फेऱ्या
कोथरूडकर, एक विचारायचं राहिलं. 'वडिलांच्या परवान्यावरची' म्हणताय, वडील आहेत ना?

कोथरूडकर_७७
नाही, मागच्या वर्षी गेले. बंदूक कपाटात आहे.

परवाना_शाखा_फेऱ्या
मग फुगवटा हा दुसरा प्रश्न. परवानाधारक गेला की तो परवाना तुम्हाला लागू होत नाही. कलम २१ प्रमाणे बंदूक आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, विनाविलंब. उद्याच जा. जाताना मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला न्या, पावतीवर बंदुकीचा नंबर, नळ्यांची लांबी आणि 'उजव्या नळीस फुगवटा' असं लिहून घ्या. पुढे लांबीवरून वाद नको.

मग वारसा हक्कानं स्वतःच्या नावे अर्ज, बाकी वारसांच्या ना-हरकतीसह. कोथरूडला राहता म्हणजे पुणे पोलीस आयुक्तालय. वाकड-निगडीकडे असता तर पिंपरी-चिंचवड, भोर-पुरंदरला असता तर जिल्हाधिकारी. नवा परवाना मिळाल्यावरच दुरुस्तीचा विषय काढा, तोही ज्याच्या परवान्यात हे काम लिहिलेलं आहे त्याच्याकडे, आणि आधी परवाना शाखेत लेखी अर्ज देऊन.

नळीपारखी
जमा करताना नळ्या तेल लावून द्या, पण आतून तेलाचा थर नको, नुसता बोळा फिरवा. मालखान्यात तेल सुकून चिकटा होतो. आणि तोंडात चिंधी कोंबू नका. कोणीतरी ती विसरणारच.