नव्या शिरा ‘निर्माण होतात’, ‘फुटतात’ की ‘माजतात’?

निरगाठ:
आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, सांधे सुजवणारा आजार. सकाळी तासभर तरी तिची मूठ वळत नाही, अंगठी कधीच काढून ठेवली. परवा हाताची डॉपलर सोनोग्राफी झाली. करड्या पडद्यावर बोटांच्या मुळाशी नारिंगी ठिपके लुकलुकत होते. डॉक्टर म्हणाले, सांध्याच्या अस्तरात रक्तप्रवाह वाढलाय, नव्या रक्तवाहिन्या झाल्यात.

घरी येऊन मी तिच्यासाठी माहितीपत्रकाचं मराठी करायला बसले. अँजिओजेनेसिसला लिहिलं ‘नवीन रक्तवाहिन्यांची निर्मिती’. तिने वाचलं आणि चेहरा उजळला. “म्हणजे सांधा भरून येतोय की गं!” नाही, हे उलटं आहे, असं तिला सांगावं लागलं. फार वाईट वाटलं. आता हा शब्द बदलायचाय. काय लिहू?

अनुस्वार:
‘रक्तवाहिनीजनन’ लिहा. ‘निर्मिती’ला शुभ वास आहे, ‘नव’ जोडलं की आणखीच. शिवाय ‘निर्मिती’ने एक फरक बुडतो. गर्भात मूळ पेशींपासून पहिल्यांदा वाहिन्या घडतात, ते वॅस्क्युलोजेनेसिस. असलेल्या वाहिनीतून नवी निघते, ते अँजिओजेनेसिस.

टाकबोरू:
रोग्याच्या हातात द्यायच्या कागदावर ‘जनन’? आईंना तो शब्द दोनदा वाचावा लागेल. मराठीत ‘फुटणे’ आहे ना! फांदी फुटते, पालवी फुटते. आत घडतंही तसंच. केशवाहिनीच्या भिंतीतली एक पेशी टोक होऊन पुढे सरकते, बाकीच्या तिच्यामागून जातात आणि त्या रांगेची पोकळ नळी होते. ‘नव्या शिरा फुटतात’ लिहा.

मोरपंखी:
कृपा करून असं लिहू नका. मी रुग्णांना समजावून सांगायचं काम करते. ‘शीर फुटली’ म्हणजे लोकांच्या लेखी मेंदूत रक्तस्राव. मधुमेह असलेल्या एका आजींना कुणीतरी ‘डोळ्यात नव्या शिरा फुटल्यात’ असं सांगितलं होतं. त्या माझ्यासमोर थरथरत बसल्या होत्या, हाताने डोळा दाबून धरलेला. रक्त बाहेर येईल म्हणून.

टाकबोरू:
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण दोष ‘फुटणे’चा नाही, विभक्तीचा आहे. ‘फांदी फुटली’मध्ये फांदी नवी, ‘शीर फुटली’मध्ये शीर जुनी आणि तीच फाटली. ‘शिरेला फाटे फुटले’ म्हणा, संदिग्धता गेली. झाडाला कोंब फुटतो, आईला पान्हा फुटतो, तसं.

अनुस्वार:
फाटे फुटणं म्हणजे विषय भरकटणं. आणि ‘शीर’ही चुकीचा. शीर हृदयाकडे रक्त नेते, इथे वाढतात त्या मुख्यतः केशवाहिन्या.

टाकबोरू:
तुमची ‘शीर’ पाठ्यपुस्तकातली. सुश्रुतसंहितेत सिरा ७०० आणि त्यांचे प्रकार चार : वाताच्या अरुणा, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी, रक्ताच्या रोहिणी. मराठी शरीरशास्त्राने पुढे त्यातलं रोहिणी धमनीला दिलं आणि नीला अशुद्ध रक्ताच्या वाहिनीला. म्हणजे अर्थ सरकलाच की! मग बोलीत ‘शीर’ सगळ्या वाहिन्यांना का चालू नये?

रेघोटी:
पत्रकात ‘पॅनस’ असेल, म्हणजे सांध्याचं सुजून वाढलेलं अस्तर. त्याचं काय केलंत? लॅटिनमध्ये पॅनस म्हणजे कापड. आपला कापडाचा ‘पन्हा’ त्याचाच भाऊ असावा, असं मला फार वर्षं वाटतं.

अनुस्वार:
नाही. पन्हा फारसीतून आला, मूळ अर्थ रुंदी. पॅनसचा खरा वंशज ‘पॅनल’.

रेघोटी:
बरं. पण ‘पन्हा’ शब्द तिथे बसतो छान. सुजलेलं अस्तर कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर, कापडासारखंच पसरत जातं.

निरगाठ:
पॅनस आहे, आणि तिथेच माझी खरी अडचण आहे. निरोगी सांध्यात अस्तराचा वरचा थर जेमतेम एक ते तीन पेशींचा. या आजारात तो जाडावतो, आतल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही. त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात, त्याने जवळच्या केशवाहिन्यांतून नव्या निघतात. त्या रक्तातून दाहाच्या आणखी पेशी येतात आणि अस्तर आणखी वाढतं. पुढे ते कूर्चा आणि हाड कुरतडतं. हे सगळं एका शब्दात येत नाही, पण निदान आईला सुवार्ता वाटू नये, एवढं तरी यायला हवं.

मोरपंखी:
मग क्रियापद ‘पोसणे’ घ्या. ‘सुजेला पोसणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या’. लांब आहे, पण काम काय करतात ते कळतं. १९७१मध्ये अमेरिकन शल्यविशारद जुडा फोकमन यांनी कर्करोगाच्या गाठीबद्दल हेच मांडलं, गाठ मोठी व्हायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. किंवा ‘माजणे’. तण माजतं, तशा रक्तवाहिन्या माजल्या.

अनुस्वार:
‘माजणे’ला माझा ठाम विरोध. माजलेला माणूस म्हणजे दोषी माणूस. आजारी माणसाच्या शरीराबद्दल असं बोलू नये, ते आधीच दुखतंय.

टाकबोरू:
तण माजण्यात तणाचा कसला दोष? पण आईंना कसं वाटेल ते त्याच सांगतील.

आडसर:
सगळे अँजिओजेनेसिसवर भांडताय, आणि आजाराचं नाव इंग्रजीच ठेवलंत. ‘संधिवात’ का नाही?

मोरपंखी:
कारण संधिवात म्हटलं की लोकांना म्हातारपणी झिजलेला गुडघा दिसतो. तरुण मुली आजार अंगावर काढतात, “मला कसला या वयात संधिवात” म्हणत.

आडसर:
मग ‘आमवात’. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात त्याला स्वतंत्र अध्याय आहे.

अनुस्वार:
लक्षणं जुळतात, संकल्पना जुळत नाही. तिथे ‘आम’ म्हणजे न पचलेलं, इथे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यावर उलटते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव इंग्लिश डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९मध्ये दिलं, त्यातला ग्रीक ऱ्ह्यूमा म्हणजे वाहणं. त्यांनी प्रवाह पाहिला, आपण वारा.

रेघोटी:
वारा आणि वाहणं आपल्याकडे तरी कुठे वेगळे? वारा वाहतो, रक्तही वाहतं.

अनुस्वार:
‘वात’ ‘वा’ धातूपासून, ‘वाहणे’ ‘वह्’पासून. दोन वेगळे धातू.

निरगाठ:
आज आईला ‘सुजेला पोसणाऱ्या रक्तवाहिन्या’ वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग त्यांचं पोसणं बंद करायचं औषध चालू आहे ना?” चालू आहे म्हटलं. पत्रकात तूर्त तेवढंच ठेवते. ‘पॅनस’ला अजून काही सुचलं नाही.

आडसर:
आणि आजाराचं नाव? ‘आमवात’ नको तर निदान ‘सांधेदाह’ तरी लिहा.

मोरपंखी:
सांधेदाह तर जंतूंनीही होतो.