क्लिनिक बघून कुणाला खरंच ऑप्टोमेट्रिस्ट व्हावंसं वाटतं का?

ट्रायलफ्रेम
माझं डोळे तपासायचं छोटं क्लिनिक आहे, बारा वर्षं होतील आता. गेल्या महिन्यात ओळखीतली एक मुलगी आली, शाळा संपलेली, पुढे काय करायचं ठरत नाही म्हणाली, दोन आठवडे तुमच्याकडे नुसती बसू का. म्हटलं बस.

तिसऱ्या दिवशी एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आला, फळ्यावरचं दिसत नाही, डोकं दुखतं. मशीनवर मायनस दीड आला. आई म्हणाली लगेच करून टाका चष्मा. मी रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर बघायचं हातातलं यंत्र, घेतला तर आकडा स्थिर राहीना, एकदा जास्त एकदा कमी, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथं थेंब घालून तपासलं तर नंबर जवळजवळ शून्य. म्हणजे डोळ्याचा फोकस करणारा स्नायू आखडून बसला होता आणि मशीनला तो मायनस नंबर वाटला. चष्मा झालाच नाही. ही मुलगी दिवसभर तेच विचारत होती, म्हणजे आपण चष्मा दिला असता तर काय झालं असतं, मशीन खोटं कसं बोललं वगैरे.

तेव्हापासून डोक्यात आहे की नवी पोरं या क्षेत्रात आणायची तर भाषणं, माहितीपत्रकं याने काही होत नाही, चालतं क्लिनिक दाखवलं पाहिजे. तुमचं काय मत?

मायनसपाच
मत स्पष्ट सांगतो, राग मानू नका. मी कोर्स केला, चार वर्षं नोकरी केली, आता वेगळ्याच कामात आहे, आणि मला या क्षेत्रातून बाहेर काढलं ते क्लिनिकनेच. जिथं होतो तिथं पहिले सहा महिने फ्रेमा पुसणे, काउंटर सांभाळणे, संध्याकाळी हिशोब. मग तपासणी मिळाली तर दर पेशंटला दहा मिनिटं, आणि शेवटी मालक विचारणार भिंगावरचं कोटिंग किती विकलं. तुमच्याकडच्या मुलीला तिसऱ्या दिवशी चांगली केस दिसली हे नशीब. बाकीचे अकरा दिवस तिने काय बघितलं ते लिहा की.

ट्रायलफ्रेम
बाकीचे अकरा दिवस चाळिशीचे चष्मे, एकाची काडी तुटलेली, दोघांना फ्रेम घट्ट होत होती. खोटं कशाला बोलू.

अक्ष१८०
माझंही क्लिनिक आहे आणि मी मायनसपाचच्या बाजूने, पण कारण वेगळं. क्लिनिक चालवणं म्हणजे भाडं, मशीनचे हप्ते, लॅबकडून चुकीची भिंगं येणं, माणूस न सांगता सुट्टीवर जाणं. यात अजून एक पोरगं शेजारी बसवायचं, त्याला समजावायचं, पेशंट म्हणणार हा कोण. प्रेरणा वगैरे द्यायला वेळ कोणाकडे आहे राव. आणि खरं सांगू, आजकाल ऑटोरिफ्रॅक्टर, ते नंबर काढायचं मशीन, काही सेकंदात आकडा देतो, पोरांना ते दिसतं आणि ती विचारतात मग तुम्ही काय करता. मला धड उत्तर देता येत नाही.

शिकवणारी
अक्षदादा, उत्तर वरच्याच केसमध्ये आहे की हो. लहान मुलं मशीनमध्ये बघताना डोळ्यावर ताण देतात म्हणून मशीन मायनस जास्त दाखवतं, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी पोरं परीक्षेत लिहून विसरतात. ट्रायलफ्रेमकडच्या मुलीने कोर्सही केलेला नाही आणि ती आयुष्यभर विसरणार नाही.

पण मला वेगळी शंका आहे. दोन आठवडे बसून पोरांना पेशंट दिसतो, त्याचं पुढं काय झालं ते दिसत नाही. आमच्या कामातलं खरं समाधान दुसऱ्या व्हिजिटला असतं. आळशी डोळ्याचं मूल घ्या, म्हणजे ज्याचा एक डोळा कमजोर राहिलाय. चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकायचा, मूल रडतं, पट्टी ओढून काढतं, आई वैतागते, आठवडाभरात फरक काहीच नाही. ज्याने फक्त तो पहिला दिवस बघितला तो म्हणेल काय छळ चाललाय पोराचा. तीन महिन्यांनी तेच मूल कमजोर डोळ्याने तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त वाचतं. ते बघायला तिथं कोण असतं? विद्यार्थी तोवर दुसरीकडे पोस्टिंगला.

बाहुली_मोठी
मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजते 😀 मला या कोर्सला आणलं ते माझ्या चष्मेवाल्या काकांनीच. लहानपणापासून त्यांच्याकडे जायचे, ते अंधारात ती उजेडाची पट्टी डोळ्यासमोरून हलवायचे, एक शब्द न विचारता भिंगं बदलायचे आणि शेवटी म्हणायचे हा तुझा नंबर. जादूच वाटायची. आता कळतं की बाहुलीतला लाल उजेड पट्टीबरोबर सरकला तर प्लस घालायचा, उलट सरकला तर मायनस, आणि तुम्ही पेशंटपासून ६६ सेंमीवर बसला असाल तर त्या अंतराचा म्हणून शेवटी दीड वजा. जादू गेली पण मजा वाढली.

तर मायनसपाच दादा, तुमचा अनुभव वाईट होता हे मान्य, पण क्लिनिक म्हणजे सगळं तसंच असं कसं म्हणता?

मायनसपाच
ताई तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात, पाचव्या वर्षी बोलू. ते काका तुम्हाला पेशंटच्या खुर्चीतून दिसले. खुर्चीतून सगळेच ऑप्टोमेट्रिस्ट भारी दिसतात. त्यांना तपासणीचे पैसे वेगळे मिळत होते का विचारा कधीतरी. बऱ्याच ठिकाणी तपासणी फुकट, कमाई फ्रेम आणि भिंगातून. म्हणजे ज्या कौशल्यासाठी शिकलो त्याची किंमत शून्य, आणि ज्यासाठी शिकलो नाही त्याच्यावर पगार. हे पोरांना क्लिनिकमध्ये पहिल्याच आठवड्यात कळतं. त्याला प्रेरणा म्हणायचं तर म्हणा.

अक्ष१८०
हे मात्र टोचलं. माझ्याकडेही तपासणी फुकटच आहे. बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहिलंय वर.

नुसताच_चष्मिश
मी या लाइनमधला नाही, वाचतोय फक्त. एक मूर्ख प्रश्न, ऑप्टोमेट्रिस्ट आणि डोळ्यांचे डॉक्टर यात नेमका फरक काय? मला तर आत्ताच कळतंय की नंबर काढणारा माणूस शिकून आलेला असतो.

शिकवणारी
प्रश्न मूर्ख नाही, हाच तर सगळा घोळ आहे. थोडक्यात, डोळ्यांचे डॉक्टर म्हणजे आधी एमबीबीएससारखं वैद्यकीय शिक्षण, मग डोळ्यांचं स्पेशलायझेशन, ऑपरेशनं ते करतात. ऑप्टोमेट्रिस्टचं शिक्षण वेगळं, नंबर, कॉन्टॅक्ट लेन्स, दोन्ही डोळ्यांचं एकत्र काम, आणि कुठला डोळा पुढे पाठवायचा हे ओळखणं. काय काय करायची परवानगी आहे ते देशानुसार बदलतं. आणि फ्रेम-भिंग बसवून देणारा तो ऑप्टिशियन, तो तिसरा. बाहेरून तिघंही सारखेच दिसतात.

ट्रायलफ्रेम
"कुठला डोळा पुढे पाठवायचा" यावरून आठवलं. पोरांना वाटतं इथं थरारक काही नाहीच. माझ्याकडे एक कॉलेजातला मुलगा दर सहा महिन्यांनी यायचा, दरवेळी सिलिंडर (एका दिशेचा नंबर) वाढलेला, त्याचा अक्ष म्हणजे कोन फिरलेला, डोळे चोळायची सवय. रेटिनोस्कोपीत उजेड कात्रीसारखा उघडमीट करत होता. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, पुढे शंकूसारखा येत होता. मशीनने दरवेळी इमानदारीत आकडा दिला होता, नुसता आकडा. वेळेत पाठवला म्हणून कॉर्नियाचं वाढणं थांबवायची ट्रीटमेंट झाली. तसंच अचानक काळे ठिपके, विजा चमकल्यासारखं दिसायला लागलं म्हणून कोणी आलं तर आम्ही नंबर काढत बसत नाही, पडदा फाटलेला असू शकतो, त्याच दिवशी पाठवतो. आता अक्षभाऊ, हे सांगा ना पोरांना, मशीन असताना तुम्ही काय करता विचारतात तेव्हा.

मायनसपाच
हे सगळं ठीक. पण बघा, तुम्ही परत हिरोच्या गोष्टी सांगताय. वर्षातून दोन-तीन. एक तरी अशी सांगा ज्यात तुम्ही चुकलात. मी जिथं काम केलं तिथं एकदाही मालक पेशंटला "माझी चूक" म्हणाला नाही. पेशंट परत आला की "सवय होईल हळूहळू" हे एकच वाक्य. मी पण तेच म्हणायला शिकलो, आणि ज्या दिवशी ते सहज तोंडातून निघालं त्या दिवशी घरी जाऊन ठरवलं की बास.

ट्रायलफ्रेम
सांगतो. ती मुलगी होती तेव्हाचीच. एका गृहस्थांना प्रोग्रेसिव्ह भिंगं (वर लांबचा, खाली जवळचा, मधे मधल्या अंतराचा नंबर) दिली होती, आठ दिवसांत परत आले, लांबचं बघायला हनुवटी खाली घालावी लागते म्हणाले. मी पण पहिल्यांदा तेच बोललो, सवय होईल. मग ते उठून दाराकडे चालत गेले तेव्हा मान बघितली आणि कळलं. मी फ्रेममध्ये बाहुली किती उंचीवर येते ते मोजताना फ्रेम नाकावर सैल होती, खाली घसरलेली. नाकाचे पॅड नंतर घट्ट केले, फ्रेम वर सरकली, भिंगातला मधला पट्टा बाहुलीसमोर आला. बिचारे सरळ बघितलं की त्यातूनच बघत होते. पूर्ण माझी चूक. परत बोलावलं, सांगितलं, भिंगं नवी करून दिली, पैसे माझे गेले. मुलगी सगळं बघत होती, मला लाज वाटत होती. खरं सांगायचं तर ती तिथं नसती तर मी कदाचित पॅड थोडे वाकवून वेळ मारून नेली असती.

शिकवणारी
हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. विद्यार्थी बसला की क्लिनिक सुधारतं, हे कोणी बोलत नाही.

अक्ष१८०
मॅडम, एका दिवसापुरतं सुधारतं 😀 पण ठीके, पटलं थोडं. माझा मुद्दा वेळेचा होता तो अजून आहे. जगात म्हणे २०५० पर्यंत अर्ध्या लोकांना मायनस नंबर असेल, तो २०१६ चा अंदाज सगळीकडे फिरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की किमान २२० कोटी लोकांना दृष्टीचा काहीतरी त्रास आहे, त्यातल्या किमान १०० कोटींचा टाळता आला असता किंवा अजून त्यावर उपचार झालेला नाही. म्हणजे काम भरपूर आहे, माणसं पाहिजेत. पण मग तयार कोण करणार, मी? पेशंट बाहेर थांबलेले असताना?

बाहुली_मोठी
सर ते कोटींचे आकडे आम्हाला पहिल्या लेक्चरलाच दाखवतात, स्लाइडवर. कोणी हलत नाही. मागच्या बाकावर झोपतात.

शिकवणारी
माझीच स्लाइड असणार ती.

बरं, अक्षदादा, रोज नको हो. एक विद्यार्थी, आठवड्यातून एक दुपार, पण सहा महिने. आणि त्याला फक्त परत आलेले पेशंट दाखवा. रिचेकवाले, पट्टीवाली मुलं, कॉन्टॅक्ट लेन्सचे फॉलोअप, काचबिंदूचे संशयित ज्यांचं डोळ्यातलं प्रेशर पुन्हा मोजायचंय. पेशंटला आधी विचारा मात्र, विद्यार्थी बसला तर चालेल का, नाही म्हणाला तर बाहेर. नव्या पेशंटचं रिफ्रॅक्शन, म्हणजे नंबर काढणं, ते कॉलेजात हजार वेळा करणारच आहेत.

मायनसपाच
हे मला मिळालं असतं तर कदाचित टिकलो असतो, कदाचित. पण शिकवणारी मॅडम, जिथं टार्गेट लावलेलं असतं तिथं परत आलेला पेशंट म्हणजे नुकसान. त्याला मागच्या दाराने लवकर घालवतात. तुमची योजना मालकच बसलाय अशा छोट्या क्लिनिकात चालेल, आणि नोकऱ्या बहुतेक तशा नाहीत. तेव्हा पोरांना छोटं क्लिनिक दाखवून आत आणायचं आणि मग मोठ्या साखळीत सोडायचं, यात फसवणूक नाही का थोडी?

ट्रायलफ्रेम
थोडी आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी माझ्याकडे रिचेकची वेगळी वही सुरू केलीये, कोण का परत आलं, चूक कोणाची, माझी, लॅबची, का खरंच सवयीची. पहिल्या पानावर हनुवटीवाले गृहस्थ. जो विद्यार्थी येईल त्याला आधी ती वही वाचायला देणार. आणि हिशोबाचीही दाखवणार, तपासणीतून किती आणि फ्रेममधून किती. मग यायचं तर या.

अक्ष१८०
हिशोबाची दाखवलीत तर कोणीच येणार नाही बघा.

बाहुली_मोठी
मी येईन. वही कुठल्या दुपारी बघायला मिळेल?

मायनसपाच
ते सोडा, मूळ मुलीचं काय झालं? घेतली ॲडमिशन?

ट्रायलफ्रेम
नाही अजून. फॉर्म आणलाय म्हणे, भरलेला नाही, घरी दुसऱ्याच कोर्सचं चाललंय. काल मेसेज आला तिचा, तो डोकं दुखणारा मुलगा परत कधी येणार विचारत होती. गुरुवारी सांगितलं.

मायनसपाच
गुरुवारी तिला काउंटरवर बसवू नका म्हणजे झालं.