आजोबा संपावर गेलेच नव्हते (मनमाड, मे १९७४)

फायरमनची नात

मंडळी, चार वर्षं एक कादंबरी लिहितेय. १९७४ चा रेल्वे संप, मनमाडची रेल्वे कॉलनी, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये नऊ माणसं. थोरले भाऊ इंजिनिअरिंग वर्कशॉपात फिटर. धाकटे मीटरगेजच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, मनमाड–औरंगाबाद. धाकटे म्हणजे माझे आजोबा. दोघंही संपावर जातात, थोरल्यांना अटक होते, धाकटे अनकाईच्या बाजूला लपून दिवस काढतात. तीनशे पानं झाली आहेत.

अडचण अशी, की आजोबा संपावर गेलेच नव्हते. ८ मेला सकाळी सहाला संप सुरू झाला. त्याच रात्री कॉलबॉय, म्हणजे ड्यूटीवर बोलवायला येणारा पोरगा, बत्ती घेऊन दारात आला आणि आजोबांनी त्याच्या वहीत सही केली. सहीला पेन्सिल घेतली ती थोरल्यांच्या मुलाच्या दप्तरातून. थोरले आतल्या खोलीत जागेच होते. दुसऱ्या दिवशी पोलीस त्यांना घेऊन गेले.

कारण विचाराल तर १२ मेला बहिणीचं लग्न होतं. सोसायटीचं कर्ज काढलेलं, पत्रिका वाटून झालेल्या. लग्न झालं, पण गाड्या नाहीत म्हणून नांदेडहून येणारी निम्मी वऱ्हाडी मंडळी एसटीच्या भरवशावर वाटेतच गळाली. कामावर जाणाऱ्याच्याच घरी पाहुण्यांना गाडी नाही! हे मी मनाने लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, फार जुळवून आणलंय.

तर प्रश्न असा. कादंबरी आहे, चरित्र नाही. मग मी आजोबांना संपावर पाठवलं तर काय बिघडलं? मैत्रीण म्हणते, ‘लॉयल’ माणसासाठी, म्हणजे संप मोडून कामावर गेलेल्यासाठी, वाचक रडणार नाही.

आणि तपशिलात चुका असतील तर सांगा. संप चालू असताना काका रेडिओवर भारत ४२ ला ऑलआउट झाल्याचं ऐकतात आणि मागे अंगणात आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका, असं एक प्रकरण आहे. माझं फार लाडकं आहे, म्हणूनच धाकधूक.

टाइमटेबल

लाडकं प्रकरण गेलं, माफ करा. ४२ लॉर्ड्सवर, २४ जूनला. संप २७ मेलाच मागे घेतला होता. आणि आखाजी त्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आली. झोका संपाआधी, क्रिकेट संपानंतर. रेडिओ हवाच असेल तर १८ मे घ्या. शनिवार होता. संपाचा अकरावा दिवस आणि बातमी पोखरणच्या अणुस्फोटाची. क्वार्टरमध्ये बसून ती ऐकणाऱ्याला नेमकं काय वाटलं असेल, ते तुम्हीच लिहा.

संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना २ मेलाच लखनौला पकडलं होतं. संपाच्या आदल्या संध्याकाळी मनमाडच्या मैदानात त्यांचं भाषण ठेवलं असेल तर काढून टाका. (ठेवलंय, हो ना?)

आणखी एक. मेन लाइनवर तेव्हा इगतपुरी–भुसावळ गाड्या विजेवर धावत होत्या. तुमचे आजोबा कोळशावर, कारण मीटरगेज. ती लाइन दक्षिण मध्य रेल्वेची, तर थोरल्यांचं वर्कशॉप मध्य रेल्वेचं. एका घरात दोन रेल्वे, दोन वेगळे साहेब. हे वापरा. आणि फायरमनच्या तोंडी बोनसच्या मागणीआधी ड्यूटीचे तास येऊ द्या. १९७३ च्या ऑगस्टमध्ये लोको रनिंग स्टाफच्या (इंजिनावरच्या ड्रायव्हर-फायरमनच्या) आंदोलनानंतर दहा तासांच्या ड्यूटीचं आश्वासन मिळालं होतं. ७४ ची मागणी आठ तासांची. फायरबॉक्ससमोर मे महिन्यात उभं राहणाऱ्याला तो फरक समजावून सांगावा लागत नाही.

भुसावळकर

माझे वडील भुसावळला शंटर होते, यार्डात इंजिन चालवून डबे हलवणारे. रेल्वेच्या शिस्तीच्या नियम १४(२) खाली बडतर्फ. म्हणजे चौकशी नाही, आरोपपत्र नाही, एक कागद आणि घरी. आमच्या क्वार्टरची वीज तोडली, मग नळ. आईने भांडी बाहेर काढली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वडिलांची लाइन बॉक्स, ड्यूटीवर न्यायची पेटी, मीच ओढत नेली. आत हातबत्ती होती, दोन झेंड्या होत्या, आणि का कोण जाणे, अर्धा किलो शेंगदाणे.

तीन वर्षं वडिलांनी सायकलची पंक्चर काढली. १९७७ ला मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा परत घेतलं. दरम्यान शेजारच्या ‘लॉयल’ला जादा इन्क्रिमेंट आणि पोराला नोकरी. ते काका मला गोळ्या द्यायचे. मी घ्यायचो आणि आईला सांगायचो नाही.

ताई, तुमच्या आजोबांना माझ्या बापाने शिव्याच घातल्या असत्या. मी नाही घालणार, बहिणीचं लग्न मलाही कळतं. पण त्यांना संपावर पाठवू नका. ती माझ्या बापाची जागा आहे. आजोबांना त्यांच्याच जागी उभं करा आणि बघा किती वेळ उभं राहवतं. मग वाचक रडो न रडो.

पाटा-वरवंटा

भुसावळकरांनी सांगितल्यावर मी काय सांगणार. फक्त एक विचारते. तुमच्या तीनशे पानांत आजी काय करते? ड्यूटी, अटक, वही, सही, सगळी पुरुषमंडळी. मनमाड आणि मे महिना म्हटलं की मला आधी पाणी आठवतं. माझं माहेर तिथलं आहे. नळावर त्या वीस दिवसांत काय झालं, ते आजींना विचारलंत का?

फायरमनची नात

(टाइमटेबल, मैदानातलं भाषण होतंच. बारा पानं. काढली.)

भुसावळकर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि लॅपटॉप बंद केला. लाइन बॉक्समधले शेंगदाणे मी घेणार नाही, ते तुमचेच राहू देत.

काल रविवारी आजीकडे गेले होते. एक्क्याण्णव वर्षांची आहे. संपाबद्दल विचारलं की नेहमी लग्नाच्या जेवणाकडे वळते, बुंदी कशी कमी पडली वगैरे. या वेळी मी नळाचं विचारलं. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

म्हणाली, कुणी भांडलं नाही गं. तोंडावर एक शब्द नाही. नळ पहाटे चारला यायचा, बायका रात्रीच हंडे रांगेत लावून ठेवायच्या. हिचा पितळी हंडा, लग्नात थोरल्या दिरांनी दिलेला. गळ्यावर त्यांचं नाव घातलेलं. ९ तारखेच्या पहाटे गेली तर हंडा पाचवा होता तो शेवटी. दुसऱ्या दिवशीही शेवटी. दिरांचं नाव भिंतीकडे फिरवून ठेवलेलं. दिरांना नेलं त्या रात्री जाऊबाई नळावर गेल्याच नाहीत, त्यांच्या दोन्ही घागरी हिनेच भरल्या. त्या घागरींना कुणी हात लावला नाही. हंड्याला लावला.

मी विचारलं, मग किती दिवस चाललं असं?

म्हणाली, “दोनच दिवस. तिसऱ्या रात्रीपासून मीच शेवटी ठेवायला लागले.”