मदत हवी आहे: चेक लाइट लागला, भरलेली गाडी ओढत नाही

वाडीवाला: भाऊ लोक, लवकर सांगा. ट्रकचा चेक लाइट (इंजिनच्या बिघाडाचा दिवा) लागून राहिला अन् गाडी ओढतच नाही. बुटीबोरीहून माल भरला, अकोल्याला जायचंय, नागपूरजवळ वाडीतच उभी केली. पार्टीचे फोनावर फोन. एअर फिल्टर नवा टाकला, काही फरक नाही. काय असेल?

रेंचपाना: दिवा पिवळा की लाल? गाडी कोणत्या सालची? लाल असेल तर इंजिन आत्ताच बंद करा, आधी ऑइल अन् कूलंट पाहा.

वाडीवाला: पिवळाच आहे. बारा चाकी, २०२१ ची.

जुना_ड्रायव्हर: बॅटरीची निगेटिव्ह वायर अर्धा तास काढून ठेवा. माझ्या गाडीचा दिवा असाच गेला.

स्कॅनरभाऊ: जातो अन् परत येतो. २०२१ म्हणजे बीएस६, प्रदूषणाच्या कडक नियमाची, एक्झॉस्टमध्ये यूरिया फवारणारी गाडी. वायर काढून बिघाड थोडीच जाते! स्कॅनर लावून एसपीएन (दोष कुठे) अन् एफएमआय (दोष कसला) नंबर इथे टाका. यूरियाचाही दिवा आहे का?

वाडीवाला: यूरिया अर्ध्या टाकीच्या वर आहे, त्याचा काय संबंध? मला डिझेल खराब वाटून राहिलं. इलेक्ट्रिशियनने स्कॅन केलं, ४३६४ अन् १८ आलं.

स्कॅनरभाऊ: मग डिझेलचा विषय सोडा. ४३६४ म्हणजे एससीआर, यूरियाच्या मदतीने धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट, नॉक्स हा विषारी वायू पुरेसा कमी करत नाही. तसं झालं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मुद्दाम ताकद कमी करतो, इंजिनात दोष असेलच असं नाही. टाकी भरलेली असून काय, आतला यूरिया कसा आहे ते पाहा. पाण्यात यूरिया ३२.५ टक्के पाहिजे. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे हे प्रमाण मोजायच्या यंत्रावर, एक थेंब टाकला की कळतं.

कमी_खर्च: एवढं कशाला? एमुलेटर बसवा, तो ईसीयूला सगळं ठीक आहे असं खोटंच सांगतो, यूरियाची कटकटच संपली.

रेंचपाना: असलं सांगू नका हो. बेकायदेशीर आहे, वॉरंटीही जाते. अन् तो वायू शेवटी आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

समृद्धीकर: टायरमध्ये नायट्रोजन भरत जा. मी समृद्धीवर त्याच्याशिवाय गाडी घालत नाही.

रेंचपाना: टायरचं कोणी विचारलं? वाडीवाले, यूरिया कुठून घेतला? कॅन टिनाच्या शेडमध्ये तर नाही ठेवत? सतत ३५ अंशांत तो सहा महिनेच टिकतो, अन् आपल्या मे महिन्याचं तर विचारूच नका.

वाडीवाला: ड्रायव्हरने रस्त्यावरच्या ड्रममधून सुटा भरला म्हणे. रिफ्रॅक्टोमीटर मिळाला, २१ दाखवून राहिला. वरून सीलबंद कॅन ओतला तर चालेल का?

स्कॅनरभाऊ: नाही. २१ म्हणजे पाणी मिसळलंय. यूरियाची टाकी पूर्ण रिकामी करा, डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने धुवा. बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातल्या क्षारांनी कॅटॅलिस्टची वाट लागते. यूरिया फवारणाऱ्या डोसिंग इंजेक्टरवर पांढरे खडे साचलेत का तेही पाहा. मग कॅनवर आयएसओ २२२४१ हा दर्जा लिहिलेला यूरिया भरा. दिवा लगेच नाही जाणार. गाडी चालून एक्झॉस्ट चांगला तापला की ईसीयू स्वतः तपासतो.

जुना_ड्रायव्हर: तोवर वायर काढून पाहायला काय हरकत आहे?

वाडीवाला: टाकीला खालून ड्रेन बोल्ट दिसत नाही. माल न उतरवता रिकामी होते का?

रेंचपाना: होते. झाकणातून हातपंपाने ओढा. पंप नवा घ्या, डिझेलला लावलेला चालणार नाही.