‘ओव्हररेटेड’ बॉक्सरला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न

मोझेस इटाउमा या तरुण ब्रिटिश हेवीवेट बॉक्सरवर लेख लिहितो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये रियाधला त्याने डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत गारद केलं, आणि तेव्हापासून बॉक्सिंगवेड्यांमध्ये सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते पुढचा जगज्जेता हाच. दुसरा तट म्हणतो, ओव्हररेटेड आहे. या दुसऱ्या तटाचं म्हणणं एका मराठी शब्दात मांडायचं आहे. ‘अतिमूल्यांकित’ लिहून पाहिलं, पण तो शब्द कुणी बोलत नाही. ‘नाव मोठं लक्षण खोटं’ लिहिलं तर पोराला लबाड ठरवल्यासारखं होतं. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद

‘वाजवीपेक्षा जास्त गाजलेला.’ सरळ आहे, कुणालाही कळेल.

प्रतिसाद

गाजलेला की गाजवलेला? इथेच खरी मेख आहे. माणूस आपल्या कामाने गाजतो, तेव्हा तो गाजलेला. त्याला कुणीतरी गाजवलं, म्हणजे पोस्टरं लावली, मुलाखती घडवल्या, ‘नवा टायसन’ म्हणून बिरुद चिकटवलं, तर तो गाजवलेला. एका ‘व’ने दोष बॉक्सरच्या अंगावरून उचलून प्रमोटरच्या अंगावर जातो. ओव्हररेटेड म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा हा दुसरा अर्थ असतो, पण बोट मात्र पोराकडे असतं.

फुगलेला आणि फुगवलेला यांतही तसाच फरक. फुगलेला माणूस गर्विष्ठ. फुगवलेले असतात ते आकडे. म्हणून मी ‘फुगवलेला बॉक्सर’ कधी लिहिणार नाही, ‘फुगवलेले आकडे’ लिहीन.

उदाहरण देतो. एडगर बर्लांगा या अमेरिकी बॉक्सरने व्यावसायिक कारकिर्दीतल्या पहिल्या १६ च्या १६ लढती पहिल्याच फेरीत नॉकआउटने जिंकल्या. मग एप्रिल २०२१ मध्ये डेमंड निकोल्सनविरुद्धची लढत पूर्ण आठ फेऱ्या चालली. त्यापुढच्या चार लढतीही नॉकआउट न होता पंचांच्या गुणांवरच गेल्या. त्यातल्या मार्सेलो कोसेरेसविरुद्धच्या लढतीत नवव्या फेरीत ठोसा खाऊन तो स्वतःच खाली पडला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोच्या कॅनेलो अल्वारेझने त्याला गुणांवर हरवलं. आता बघा, पहिल्या १६ लढतींत प्रतिस्पर्धी इतके कच्चे होते की आकडा सांगायला भारी आणि ठरवायला निरुपयोगी. आकडे फुगवलेले होते यात शंका नाही. पण माणूस पोकळ होता का? कॅनेलोसमोर तिसऱ्या फेरीत खाली पडूनही तो उठला आणि बाराव्या फेरीच्या घंटेपर्यंत उभा राहिला. पोकळ माणसाला हे जमत नाही. एकच शब्द दोन्हीकडे लावला की हा फरक पुसला जातो.

प्रतिसाद

मग ‘लिंबूटिंबूंना हरवून मोठा झालेला’ असं का नाही लिहायचं? क्रीडापानांवर सर्रास लिहितात.

प्रतिसाद

लिहा, पण मोजून. लिंबूटिंबू म्हणजे ज्याला खेळात धरतच नाहीत तो. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सुरुवातीच्या काळात समोर येणारे सगळेच तसे नसतात. नवा बॉक्सर आधी चार फेऱ्यांच्या लढती खेळतो, मग सहा, आठ, दहा, आणि जगज्जेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची. प्रत्येक पायरीला समोर कोण उभा करायचा हे ठरवणारा माणूस असतो. कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर जोड लावणारा. चांगला जोड लावणारा पोराला नुसतं जिंकवत नाही, शिकवत जिंकवतो: एकदा उंच प्रतिस्पर्धी, एकदा डावखुरा, एकदा अंगाला चिकटून दमवणारा, एकदा पंचवीस-तीस लढती हरलेला पण कुणालाही सहजासहजी न पडलेला अनुभवी गडी. या शेवटच्या गड्याला लिंबूटिंबू म्हणणं हा अपमान आहे. त्याच्या बगला, कोपर आणि पकड यांच्यात अडकून सहा फेऱ्या काढताना तरुण बॉक्सर जे शिकतो ते सरावात मिळत नाही.

आणि कृपा करून कुणी ‘नुरा कुस्ती’ लिहू नका. मागच्या काही चर्चांमध्ये तो शब्द फार सैलपणे आला. नुरा म्हणजे निकाल आधीच ठरलेला. कमकुवत जोड लावणं वेगळं, निकाल ठरवणं वेगळं. दुसरा सरळ गुन्ह्याचा आरोप आहे.

प्रतिसाद

विजेंदर सिंगबद्दल काय म्हणाल? २०१५ मध्ये व्यावसायिक झाल्यावर त्याने ओळीने १२ लढती जिंकल्या आणि मार्च २०२१ मध्ये गोव्यात रशियाच्या आर्तिश लोपसानकडून हरला. तेव्हा बरेच जण ‘बघा, फुगा फुटला’ म्हणाले होते.

प्रतिसाद

तिथेही आकडे आणि माणूस वेगळे ठेवा. २००८ चं बीजिंग ऑलिंपिकमधलं कांस्य, २००९ चं जागतिक स्पर्धेतलं कांस्य, हे कुणी फुगवून मिळत नाही. तिथे जोड लावणारा नसतो. सोडतीत जो येईल त्याच्याशी भिडावं लागतं. व्यावसायिक १२ विजयांचं वजन किती, हा वेगळा प्रश्न. त्यावर हवी तेवढी टीका करा. पण ‘फुगा फुटला’ म्हटलं की ऑलिंपिकची कमाईही त्याच फुग्यात जाते, आणि तो अन्याय आहे. मला याचा मनापासून राग येतो.

प्रतिसाद

‘उगाच डोक्यावर घेतलेला’ कसं वाटतं? मला हे जास्त जवळचं वाटतं.

प्रतिसाद

उत्तम. कारण यात कर्ता लोक आहेत. मराठीत अशा ठिकाणी विशेषणापेक्षा क्रियापद बरं चालतं: ‘त्याला उगाच डोक्यावर घेतलंय’, ‘त्याची नुसती हवा आहे’, ‘त्याचा उदोउदो चाललाय’. मात्र ‘डोक्यावर घेतला’ आणि ‘डोक्यावर चढला’ यांत गल्लत नको. चढला म्हणजे पोर उद्धट झालं.

यातला सगळ्यात नेमका वाक्प्रचार ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’. चढवणारे दुसरे, झाड मुळातच तकलादू, आणि पडणारा मात्र चढलेलाच. विशीतल्या पोराला प्रत्येक पत्रकार परिषदेत टायसनशी ताडून बघणं म्हणजे हेच. टायसन नोव्हेंबर १९८६ मध्ये, वयाच्या २०व्या वर्षी, ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत पाडून जगज्जेता झाला. तो विक्रम इटाउमाच्या हातून निसटलाच आहे. त्याला त्याच फूटपट्टीने मोजत राहायचं आणि नाही पुरला की ओव्हररेटेड म्हणायचं, हा कसला न्याय?

प्रश्नकर्ता

म्हणजे व्हाइटवरच्या विजयाला तुम्ही किती किंमत देता?

प्रतिसाद

थोडी. व्हाइट त्या वेळी ३७ वर्षांचा होता. जोशुआ, पोवेत्किन आणि फ्युरी या तिन्ही बड्या हेवीवेट बॉक्सरांनी त्याला आधीच नॉकआउट केलेलं होतं. पण त्याला पहिल्याच फेरीत त्या तिघांपैकी कुणी संपवलं नव्हतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि लेखात दोन्ही यायला हवीत.

कळत नाही ते पुढचं. त्या लढतीपर्यंत इटाउमा एकदाही सहा फेऱ्यांच्या पलीकडे गेलेला नव्हता. आठव्या-नवव्या फेरीत बॉक्सरचं वेगळंच रूप दिसतं. तोंड उघडं पडतं. तीन ठोशांची मालिका एका ठोशावर येते. ठोसा मारून हात हनुवटीपाशी परत यायला हवा तो छातीपाशीच रेंगाळतो, आणि तेवढ्या फटीतून समोरच्याचा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, आत येतो. पहिल्या दोन फेऱ्यांत सामना संपवणाऱ्याचा हा दोष कुणाला दिसतच नाही, कारण तिथवर कुणी त्याला नेतच नाही. दमसास आणि मार पचवायची ताकद, या दोन गोष्टी नॉकआउटच्या चित्रफिती पाहून कळत नाहीत.

म्हणून माझं उत्तर असं की तुम्हाला हवा तो शब्द ओव्हररेटेडचा प्रतिशब्द नाहीच. ‘कस लागायचा आहे’ असं लिहा. सोनं कसोटीवर घासल्याशिवाय खरं की खोटं ते ठरत नाही, आणि घासण्याआधी दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे बोलणारे सारखेच चुकतात. ओव्हररेटेड हा निकाल आहे. इथे अजून सुनावणीच झालेली नाही.

प्रतिसाद

पण हे पळवाटेसारखं होत नाही का? प्रत्येकाबद्दल ‘कस लागायचा आहे’ म्हणत बसलो तर टीका करायचीच नाही की काय?

प्रतिसाद

करायची, जरूर करायची. कस लागायची वेळ येऊनही जो टाळतो, त्याच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पैसा आहे, नाव आहे, वय उतरणीला लागायच्या आत आहे, आणि तरी तोडीस तोड जोड लावून घेत नाही, तर ‘वाजवीपेक्षा जास्त गाजवलेला’ हेच शब्द वापरा आणि बिचकू नका.

पण कस लागल्यावर तरी आपण नीट वाचतो का? ब्रिटिश बॉक्सर हम्झा शीराझचं बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये कार्लोस अदामेसविरुद्धची त्याची जगज्जेतेपदाची लढत बरोबरीत सुटली. त्यात तो इतका फिका पडला की लोकांनी त्याला त्याच रात्री मोडीत काढलं. जुलैमध्ये तो वरच्या वजनगटात गेला आणि वर ज्याचा उल्लेख आला त्या बर्लांगाला पाचव्या फेरीत थांबवलं. पाच महिन्यांत माणूस बदलला नव्हता. मिडलवेट या त्याच्या आधीच्या वजनगटाच्या मर्यादेपर्यंत अंग आटवण्याची गरज तेवढी उरली नव्हती. ‘ओव्हररेटेड’ म्हणणाऱ्यांनी वजनाचा विचारच केला नव्हता.

ब्रिटिश बॉक्सर नसीम हमीदचंही तेच. ३५ विजय, एकही पराभव नाही. एप्रिल २००१ मध्ये लास वेगासला मार्को अँतोनियो बारेराने त्याला गुणांवर हरवलं आणि एका रात्रीत तो ‘नुसती हवा’ ठरला. केव्हिन केली, टॉम जॉन्सन हे त्याने हरवलेले बॉक्सर जणू कधी नव्हतेच. बारेरा त्या रात्री जास्त चांगला होता. त्यावरून आधीची सगळी वर्षं खोटी ठरत नाहीत.

प्रतिसाद

थोडं विषयांतर, पण शब्दचर्चेला धरून आहे. आपल्याकडे ‘कमी लेखणे’ आहे, पण ‘जास्त लेखणे’ म्हणून वाक्प्रचार नाही. म्हणजे अंडररेटेडला ‘कमी लेखलेला’ हा नेमका शब्द आहे, ओव्हररेटेडला मात्र तसा जोडीचा शब्द नाही. म्हणूनच ही सगळी ओढाताण.

प्रतिसाद

अगदी बरोबर, आणि हे विषयांतर नाहीच. जून २०१९ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला अँडी रुइझने अँथनी जोशुआला सातव्या फेरीत थांबवलं. रुइझ मूळ प्रतिस्पर्धीही नव्हता, आयत्या वेळी बदली आलेला. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, जोशुआ ओव्हररेटेड होता. रुइझला कमी लेखलं, असं फार थोडे म्हणाले. त्याचं सुटलेलं पोट पाहणाऱ्यांनी त्याच्या हातांचा वेग पाहिला नव्हता. डिसेंबरमध्ये जोशुआने तोच किताब गुणांवर परत मिळवला. तेव्हा लेख लिहिताना समोरच्यालाही एखादा परिच्छेद द्या.

आणखी एक बारीक सूचना. लेखात ‘पंच’ जपून वापरा. एकाच परिच्छेदात पंचांनी निर्णय दिला आणि त्याने पंच मारला असं आलं की वाचणारा अडखळतो. मारतो तो ठोसा किंवा गुद्दा, निर्णय देतात ते पंच.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलं आहे: ‘इटाउमाचा गाजावाजा त्याच्या लढतींच्या पुढे धावतो आहे, लांबलेल्या लढतीत त्याचा कस लागायचा आहे.’ चालेल?

प्रतिसाद

चालेल. फक्त ‘लांबलेल्या’ऐवजी ‘आठव्या फेरीनंतर’ लिहा. वाचणाऱ्याला काय पाहायचं ते कळेल.