अनुभव धागा: विमान घसरलं, माणसं वाचली

धागाकर्ती: ७ मार्च २०२५ ला पश्चिम बंगालच्या बागडोगऱ्यात वायुसेनेचं एएन-३२ हे वाहतुकीचं विमान उतरताना अपघातात सापडलं. शेजारचे निवृत्त काका टीव्हीवरची पट्टी वाचताना 'चालक दल सुखरूप'पर्यंत पोचले, तेव्हा कुठं त्यांनी चहाचा कप उचलला. सोनेगाव, वायुसेनानगर म्हटलं की नागपुरात वायुसेनेतलं ओळखीचं कुणीतरी निघतंच. असा अनुभव असेल तर लिहा. हवाई तळाचं, माणसाचं नाव नको.

मिहानवाला: माझं लँडिंग नाही, टेकऑफ. चालेल? ७ मे २०१९, मुंबई. बंगळुरूच्या येलहंका तळाकडं निघालेलं एएन-३२ धावपट्टीच्या पुढं निघून गेलं, इजा कुणालाच नाही. मी नागपूरच्या विमानासाठी ताटकळत. मुंबईला निदान दुसरी धावपट्टी आहे. आपल्याकडं एकच! इथं अडकलं असतं तर वर्धा रोडवर जाऊन बस धरा.

धागाकर्ती: चालेल, चालेल.

जुना फिटर: आमचं विमान टेकलं अन् उजवं टायर फुटलं. पावसाळ्याचे दिवस, थेट गवतात, चाक अर्धं चिखलात. आतले सगळे आपापल्या पायानं उतरले. लोकांना वाटते, संपलं. आमचं काम तिथून सुरू होते. जोरात ब्रेक मारले की ते भट्टीसारखे तापतात, अन् ती उष्णता चाकात उतरायला वेळ लागते. म्हणजे विमान थांबून काही मिनिटं झाली तरी उरलेलं चाक फुटू शकते. त्यात एक बूच असते, ठरावीक तापमानाला वितळून हवा सोडून देते. पण त्याच्या भरवशावर कोण राहते? जवळ जायचं ते समोरून नाहीतर मागून. बाजूनं नाही, तुकडे तिकडंच उडतात. काटोलकडचा एक नवा पोट्टा पाण्याची बादली घेऊन नेमका बाजूनं धावला. कॉलर धरून मागं ओढला त्याला. तापल्या धातूवर गार पाणी पडलं तर तडकते बे! दुपारी मेसमध्ये बोलला नाही माझ्याशी. संध्याकाळी स्वतःच आला, "साब, बाजू म्हणजे नेमकी कुठून कुठवर?" हँगरच्या फरशीवर खडूनं काढून दाखवली.

सोनेगावकर: अपघात नाही पाहिला. पण लहानपणी गजराज, म्हणजे वायुसेनेचं आयएल-७६ हे मोठं मालवाहू विमान, डोक्यावरून गेला की मांडणीतली भांडी वाजत. वीस चाकं त्याला. मोजायला जायचो, कधी जमलं नाही.

खामल्याची काकू: मोबाइल नव्हते तेव्हाची गोष्ट. सायरन वाजला की क्वार्टरमधल्या आम्ही सगळ्या दारात. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही, जीप कुठं थांबते तेवढंच. त्या दिवशी आमच्याच दारी थांबली. पाय गळालेच माझे. अन् आतून हेच उतरले, धडधाकट, एका पायात बूट नाही. एवढं सगळं झालं अन् माझ्या तोंडून काय निघावं? "दुसरा बूट कुठंय?"

जुना फिटर: वहिनी, मिळाला का मग?

खामल्याची काकू: कुठचा! नवीन घ्यावा लागला. जुना एक अजून माळ्यावर आहे, टाकू देत नाहीत.