गहू-दूध बंद करण्याआधी

कुणीतरी लिहिलंय की गहू आणि दूध बंद केलं की स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल बोलायला लागतं. आम्हीही आमच्या मुलासाठी सहा महिने करून बघितलं. गव्हाचं सोपं होतं. बेळगावात ज्वारीची भाकरी रोजचीच, तिच्यात ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) नसतंच; ग्लुटेन-फ्री पिठाची महागडी पाकिटं कशाला? दुधाचं जड गेलं. मुलगा मोजून चार पदार्थ खातो, त्यातला एक दहीभात. बोलण्यात काही फरक नाही, वजन मात्र उतरलं. या पथ्याचा उपयोग होतो असा ठोस पुरावा नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. (सासूबाई गुपचूप कुंदा, म्हणजे दुधाचीच मिठाई, भरवायच्या, ते वेगळंच.)

आमच्याकडे खरी अडचण चवीपेक्षा स्पर्शाची. भाकरीचा सुटा पापुद्रा चालतो, आमटीत भिजलेला नाही. मग आमटीची वाटी ताटापासून लांब ठेवली. आठ दिवस नुसती बघितली, नवव्या दिवशी बोट बुडवलं. बास, तेवढंच.

दूध सोडायचंच असेल तर कॅल्शियम कुठून येणार ते आधी आहारतज्ज्ञांना विचारा. आणि बद्धकोष्ठ आहे का बघा. आमचा ताटावर बसला की चिडायचा, त्याचं मूळ पोटातच होतं.